वकीलसाहेबांचा सुळा

मी कवट्या घासते. बसमध्ये शेजारच्या बाईने सहज "काय करता तुम्ही?" असं विचारलं आणि मी हे उत्तर दिलं, की ती बहुतेक पुढच्याच थांब्याला उतरते. मला खिडकीची जागा मिळते. इतकी वर्षं झाली, पण मी कधी कुणाला पूर्ण वाक्य सांगितलेलं नाही.

पूर्ण वाक्य असं, की कवट्या प्लास्टिकच्या असतात. आमच्या कारखान्यात वैद्यकीय कॉलेजांसाठी आणि दवाखान्यांसाठी हाडांचे नमुने बनतात. कारखाना म्हणायचा आपला, आहेत दोन खोल्या आणि एक मोरी. मागच्या खोलीत एक मशीन थरावर थर चढवत कवटी उभी करतं, आणि ती कलंडू नये म्हणून तिला चहूबाजूंनी बारीक काड्यांचे टेकू देतं. ते टेकू पकडीने मोडायचे, खरखरीत जागा पॉलिश पेपरने घासायची, धुवायची, रंगवायची, हे माझं काम. पुढच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसतो तो चष्मा. त्याला आईवडिलांनी चांगलं नाव ठेवलंय, पण ते पगाराच्या दिवसापुरतं. माणसाच्या स्कॅनवरून कवटीचा आराखडा करायचा आणि मशीनला द्यायचा, हे त्याचं काम. आणि या सगळ्यावर मालक, ज्यांचा एकच हट्ट, कवटी देखणी हवी.

या हट्टापायी आमच्याकडे एक सवय पडून गेली होती. स्कॅन कुठे धूसर आला, कुठे दात तुटका निघाला, तर चष्मा चेहऱ्याची चांगली अर्धी बाजू घ्यायचा, ती उलटी करायचा आणि वाईट बाजूच्या जागी चिकटवायचा. याला आम्ही आरसा मारणं म्हणतो. खऱ्या माणसाच्या दोन बाजू कधीच तंतोतंत सारख्या नसतात, पण आमच्या फळीवरच्या कवट्या पाहाल तर एकेकीचा तोरा बघत राहावा. गिऱ्हाईक खूश, मालक खूश, मीही कधी तोंड उघडलं नव्हतं.

आता वकीलसाहेब. म्हणजे माझी भाची, दादाची मुलगी, वय वर्षं नऊ. मी दादा-वहिनीकडेच राहते, त्यामुळे या बाईंचे खटले मला घरबसल्या ऐकायला मिळतात. दूध का प्यायचं, उशीवर डोकं कुठल्या टोकाला ठेवायचं, आत्याने ज्या पकडीला शिव्या दिल्या तिला नंतर सॉरी का म्हणायचं नाही, असा कुठलाही विषय चालतो. जन्मली तेव्हा तिचा वरचा ओठ डावीकडे थेट नाकपुडीपर्यंत फाटलेला होता आणि टाळू मागपर्यंत दुभंगलेली. ओठ शिवला, टाळू शिवली, टाळूत एक छिद्र उरलं होतं तेही बुजवलं. तिचे प आणि ब अजून जरा नाकातून जातात, पण मुद्दा सरळ येऊन आदळतो.

त्या प्रत्येक ऑपरेशनच्या वेळी घरातल्या कुणी ना कुणी तिला सांगितलं होतं, की हे शेवटचं. एकदा दादाने, एकदा वहिनीने, एकदा मी. आम्हाला तसं खरंच वाटत होतं. त्यामुळे नवव्या वर्षी डॉक्टरांनी पुन्हा एक ऑपरेशन काढलं, तेव्हा वकीलसाहेबांनी हाताची घडी घातली.

डॉक्टर म्हणजे लांबुडक्या चेहऱ्याचे, सावकाश बोलणारे सर्जन. तिला पाळण्यात असल्यापासून ओळखतात आणि आईबापांशी बोलायच्या आधी तिच्याशी बोलतात. त्यांनी तिला समजावलं, की ओठ जोडला, टाळू जोडली, पण वरच्या जबड्याच्या हाडातली फट तशीच आहे. हिरडीच्या आत, जिथे दात रोवलेले असतात, तिथे डावीकडे हाडच नाही. कंबरेच्या हाडातला चिमूटभर भुसभुशीत गर काढून तिथे भरायचा, म्हणजे तिथे हाड धरेल. हे आत्ताच करायला हवं, कारण वर एक सुळा तयार होतोय. तो खाली यायच्या आधी हाड भरलं नाही, तर दात हातचा जाईल.

वकीलसाहेबांनी विचारलं, की ही फट कुणी पाहिली आहे का. डॉक्टरांनी स्कॅन दाखवला. तिला तो धुक्यात काढलेल्या फोटोसारखा वाटला, आणि खरं सांगायचं तर कुणालाही तसाच वाटतो. तिने तो पुरावा म्हणून अमान्य केला. यावर डॉक्टरांनी जे म्हटलं, त्याने वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तोंड तुझं आहे. तू हो म्हटल्याशिवाय मी हात लावणार नाही. पण सुळा कुणासाठी थांबत नाही, हे लक्षात ठेव."

घरी येईपर्यंत वहिनी धुमसत होती. नऊ वर्षांच्या पोरीला कसला अधिकार देता, असं तिचं म्हणणं. दादा नेहमीप्रमाणे दोन्ही बाजूंनी मान हलवत होता. मग मीच मध्ये तोंड घातलं. डॉक्टरांना ऑपरेशनच्या तयारीसाठी त्या स्कॅनवरून कवटीचा नमुना लागणारच होता, आणि तो आमच्याकडेच बनणार होता. मी म्हटलं, वकीलसाहेब, तुमची कवटी मी तुमच्या हातात देते, मग तर झालं? तिने विचार केला आणि एक अट घातली. कवटी आधी कुणी पाहायची नाही. मशीनमधून निघाली की थेट खोक्यात, खोक्याला चिकटपट्टी, आणि पट्टी ती स्वतः काढणार. पुराव्याशी छेडछाड होते, हे तिला कुठून कळलं होतं देव जाणे.

मी अट पाळली. चष्म्याला खोकं बंद करून दे म्हटलं, आणि सुट्टीच्या सकाळी ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं. खाली वर्तमानपत्र, हातात पकड. तिने पट्टी काढली. आत काड्यांच्या जंजाळात अडकलेला एक पांढरा चेहरा होता, आणि मी एकेक टेकू मोडत गेले. आधी कपाळ निघालं, मग डोळ्यांच्या खोबणी, मग उजवा गाल. ती माझ्या कोपराला चिकटून उभी होती आणि तिचा श्वास मला ऐकू येत होता. नाकाची खाच निघाली, वरचे दात निघाले, आणि मी डाव्या बाजूचे टेकू मोडले.

फट नव्हती.

हाड अखंड होतं, इकडून तिकडे एकसंध. नाकाची खाच दोन्हीकडून सारखी. जो दात तिला मुळात आलाच नाही, तोसुद्धा डावीकडे झोकात उभा होता. मी कवटी फिरवून पाहिली, उलटी धरून टाळूकडून पाहिली, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चष्म्याने आरसा मारला होता.

"सिद्ध झालं," वकीलसाहेब शांतपणे म्हणाले.

दादा कवटीकडे बघून म्हणाला, की म्हणजे आपोआप भरून आलं की काय. माझ्या सख्ख्या भावाचं हे बोलणं ऐकून मी कपाळाला हात लावला. मग मी समजावायला लागले. आरसा म्हणजे काय, सवय म्हणजे काय, चष्मा म्हणजे कसला गाढव. जितकं समजावत गेले तितकी मी जास्त खोटारडी दिसू लागले. आमच्या घराण्यात राग नाकावर असतो आणि माझ्या वाट्याला तो जरा जास्तच आलाय, त्यामुळे माझा आवाजही चढला. वकीलसाहेबांनी मला संपूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, की आत्याला हवा तसा निघाला असता तर पुरावा खरा, नको तसा निघाला म्हणून खोटा.  यावर माझं उत्तर फक्त टेबलावर हात आपटण्याचं होतं.

आवाज ऐकून वहिनी स्वयंपाकघरातून आली. तिने ओले हात पदराला पुसले, कुणालाही काही न विचारता कवटी उचलली आणि समोर धरली. दोन्ही गालांच्या हाडांवर दोन्ही हात ठेवले, जसे ती पोरीचं तोंड धुताना ठेवते. मग डावा अंगठा, उजवा अंगठा, नाकाच्या दोन बाजूंनी खाली आणला. परत वर नेला, परत खाली आणला.

"ही आपली नाही," ती म्हणाली. "डावीकडे माझा अंगठा आत जातो. नाकपुडीच्या खाली. इथे जात नाही."

आणि तिने कवटी वर्तमानपत्रावर ठेवली आणि फोडणी करपेल म्हणून आत गेली. मला वहिनीचा इतका अभिमान क्वचितच वाटला असेल. एवढा सुबक, बिनफटीचा चेहरा तिच्या हातात होता, पण तिने तो दुसऱ्याचं मूल परत करावं तसा ठेवून दिला.

 वकीलसाहेबांनी स्वतःच्या नाकाशेजारी बोट लावलं, मग कवटीच्या नाकाशेजारी लावलं. जीभ आतून हिरडीवर फिरवताना तिचा ओठ हलत होता. खटला फिरलाय हे तिला कळलं होतं, पण चेहऱ्यावर हरल्याचा राग नव्हता, दुसरंच काहीतरी होतं. संध्याकाळी ती येऊन म्हणाली, की उद्या शाळेनंतर ती कारखान्यात येणार आहे.

चष्मा एरवी तिचा लाडका. ड्रॉवरमध्ये तिच्यासाठी गोळ्या ठेवतो. त्या दिवशी तिने गोळी घेतली नाही. मी त्याची सकाळीच भरपूर हजेरी घेतली होती, त्यामुळे तो आधीच अर्धमेला झाला होता. त्याने हात जोडून सांगितलं, की नेहमीसारखा एक स्कॅन समोर आला, कुणाचा ते पाहिलंच नाही, डाव्या बाजूला हाड तुटक दिसलं, वाटलं की स्कॅन तिथे नीट आला नाही, फाटलाय. म्हणून दुरुस्त केला.

"स्कॅन फाटला नव्हता, काका," ती म्हणाली. "मी तशी आहे."

चष्म्याने चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसत बसला. तिने खोलीभर नजर टाकली. भिंतीवरच्या फळीवर आमच्या देखण्या कवट्या ओळीने बसल्या होत्या. मोठ्यांच्या, लहानांच्या, एक तान्ह्या बाळाची. ती प्रत्येकीसमोर जाऊन उभी राहिली आणि शेवटी मला विचारलं, की यात माझ्यासारखी एकही नाही का. नेमके तेव्हाच मालक आत आले आणि मोठ्या प्रेमाने म्हणाले, की बाळ, तशीला मागणी नसते.

माझं डोकंच सटकलं. मालकांना काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. सार असं, की मागणी नसते कारण आपण बनवत नाही, आणि आपण बनवत नाही म्हणून या गाढवाला समोर उभ्या पोरीचं हाड म्हणजे मशीनची चूक वाटली. कॉलेजची मुलं वर्षानुवर्षं असल्या सजलेल्या कवट्या पाहून शिकतात, आणि मग खरं तोंड समोर आलं की बावचळतात. मालकांनी मला नोकरीवरून काढलं नाही. तसे ते वाईट नाहीत, फक्त त्यांना देखणेपणाचं वेड आहे. बराच वेळ मिशीवरून हात फिरवून ते म्हणाले, की नवा नमुना करताच आहात तर सर्वांत भारी माल वापरा, तो पारदर्शक. हाड काचेसारखं, दात पांढरे.

दोन दिवसांनी वहिनी तिला घेऊन आली. या वेळी खोकं नव्हतं, चिकटपट्टी नव्हती. मी टेकू मोडून, घासून, तेलाचा हात फिरवून कवटी माझ्या टेबलावरच्या दिव्याखाली ठेवली होती. उगाच का खोटं बोलू, मला भीती वाटत होती. हाडाच्या रूपात स्वतःला पाहून मोठी माणसंही पांढरीफटक पडतात.

ती मात्र खुर्चीवर गुडघे टेकून दिव्यात घुसली. फट दिसत होती. डाव्या नाकपुडीच्या तळापासून हिरडीच्या कडेपर्यंत हाड सरळ तुटलेलं, आणि तुटलेली बाजू जरा मागे सरकलेली, जरा आत वळलेली. म्हणून नाकाची खाच डावीकडे रुंद आणि खाली ओघळलेली. नाकाच्या तळाशी मधोमध जे टोक असायला हवं, ते उजवीकडे झुकलेलं, कुणीतरी बोलावल्यासारखं. वहिनीने अंगठा ठेवला. अंगठा आत गेला. तिने मान डोलावली.

मग वकीलसाहेबांचं बोट वर सरकलं. काचेसारख्या हाडाच्या आत, नाकपुडीच्या शेजारी, एक पांढरा टोकदार दात तिरका लटकला होता.

"हा कोण?"

मी सांगितलं, की हाच तो सुळा. डॉक्टर म्हणाले तो. तिने बोटाने त्याच्या टोकापासून खाली सरळ रेघ ओढली. रेघ थेट फटीत गेली. तिने पुन्हा ओढली. पुन्हा फटीत. आतापर्यंत तो सुळा म्हणजे डॉक्टरांनी पुढे केलेलं निमित्त होतं. आता तो अंधारात एकटा बसलेला, खाली यायची तयारी करून बसलेला, आणि त्याला पुढे काय वाढून ठेवलंय ते कुणी सांगितलेलंच नाही.

"याला रस्ताच नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं, नाही. तिने विचारलं, की हा हाडाशिवाय उतरला तर. मी सांगितलं, की मुळाला धरायला काही नसेल, तो उघडा पडेल आणि हलेल, आणि मग काढावा लागेल.  मग ती खुर्चीवरून उतरली, वहिनी चष्म्याशी बोलतेय हे पाहून घेतलं, आणि माझ्या कानाशी आली.

"हाड भरल्यावर मी त्या खोट्या कवटीसारखी होणार का? मग आईच्या अंगठ्याला कसं कळणार?"

नऊ वर्षांत मी तिला पुष्कळ ठोकून दिलेलं आहे. ऑपरेशन शेवटचं, इंजेक्शन मुंगीसारखं, औषध गोड. त्या क्षणी माझ्या जिभेवर असंच काहीतरी आलं होतं.  पण मी खरं ते सांगितलं. नाकपुडीच्या खाली हाड भरलं की ती बाजू थोडी वर उचलली जाते. किती, ते मला माहीत नाही, डॉक्टरांनाही आधी सांगता येणार नाही. आईच्या अंगठ्याचं तर मला मुळीच माहीत नाही.

तिने ते ऐकून घेतलं. परत खुर्चीवर चढली आणि सुळ्याला आणखी एकदा पाहिलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "याच्या बाजूने माझं हो."

अर्थात अटी होत्याच. पहिली, ही पारदर्शक कवटी डॉक्टरांचं काम झालं की आमच्या फळीवर बसणार, कोपऱ्यात नव्हे, मधोमध. दुसरी, ती खोटी देखणी कवटी चष्म्याच्या कॉम्प्युटरशेजारी राहणार, त्याला आठवण म्हणून, जन्मभर. चष्म्याने शिक्षा मान्य केली आणि गोळी पुढे केली. या वेळी तिने घेतली. तिसरी अट, हे शेवटचं असं कुणीही म्हणायचं नाही. ती आम्ही सगळ्यांनी पाळली, दादाला दोनदा चिमटा काढावा लागला.

ऑपरेशन झालं. तोंड भोपळ्यासारखं सुजलं, त्याहून जास्त तक्रार कंबरेची, जिथून हाड घेतलं होतं. काही आठवडे ती म्हातारीसारखी लंगडत चालली आणि त्याचा पुरेपूर फायदा उकळला. चेहऱ्याला हात लावायची तेव्हा सगळ्यांनाच बंदी होती. सूज उतरली, टाके गेले, डॉक्टरांनी नवा फोटो पाहून हाड धरलंय म्हणून सांगितलं. तोवर बाई मोठ्या झाल्या होत्या. स्वतःचं तोंड स्वतः धुवायचं आणि धुताना दार लावून घ्यायचं, असा नवा कायदा घरात लागू झाला. वहिनीने तो मुकाट्याने मानला. फक्त पोरगी अभ्यासाला बसली की वहिनी कधी कधी तिच्याकडे पाहत राहायची आणि तिचा अंगठा स्वतःच्याच बोटांवर फिरत असायचा.

सुळ्याने आपल्याला हवा तेवढा वेळ घेतला. वकीलसाहेब अकरा पूर्ण करून बसले तेव्हा कुठे हिरडीला पांढरं टोक दिसलं. बातमी मला घरी मिळाली नाही. ती शाळेतून सुटली आणि तडक कारखान्यात आली, मला ओलांडून फळीपाशी गेली, मधोमध बसलेल्या काचेच्या कवटीसमोर उभी राहिली आणि बोटाने ओठ वर उचलून तिला दात दाखवला.

"आला," तिने तिला सांगितलं.

मग आम्हाला दाखवला. चष्म्याने दात पाहिला, मालकांनी चष्मा लावून पाहिला आणि वाकडा आहे जरा, असं म्हणाले. मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं, तर म्हणाले, की वाकडाच बरा, वाकडाच बरा. या गडबडीत बाईंनी मी रंगवायला घेतलेल्या एका जबड्यावर कोपर टेकला, तोच हात नाकाला लावला, आणि तोंडभर पिवळट रंग फासून घेतला.

तेवढ्यात वहिनी तिला न्यायला आली. दात पाहायच्या आधी तिला रंग दिसला. ओला आहे तोवर निघेल म्हणून तिने अंगठा जिभेला लावला आणि पोरीची हनुवटी धरली. पोरीने या खेपेला कायदा काढला नाही. वहिनीचा अंगठा नाकाशेजारून खाली आला आणि डाव्या नाकपुडीखाली थांबला. रंग केव्हाच पुसला गेला होता. अंगठा तिथेच होता, इकडे तिकडे चाचपत.

मी हातातला ब्रश खाली ठेवला. पोरगी आईच्या डोळ्यांत बघत होती, आणि मला ठाऊक होतं की हा प्रश्न ती दोन वर्षं सांभाळून आहे.

"गेला का गं तो खड्डा?"

"थोडा राहिलाय," वहिनी म्हणाली.

"किती?"

वहिनीने अंगठा उचलला नाही.

"मला तू सापडशील एवढा."